पितृपंधरवड्यात बार्सिलोना

लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी मिळून केलेले प्रवास म्हणजे तिरुपती, गोवा आणि नातेवाइकांची लग्नं. परदेशाचं नाव काढलं की अहोंचं ठरलेलं उत्तर, "आणि फौंड्री कोण बघणार, तू?" शिरोली एमआयडीसीत यांची फौंड्री आहे, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना, आणि कास्टिंगची ऑर्डर काय कधी संपत नाही. यंदा थोरले दीर स्वतःहून म्हणाले की मी बघतो, जावा तुम्ही, आणि हे चक्क तयार झाले. बार्सिलोना निवडलं आमच्या चिरंजीवांनी. कोल्हापुरातलं पोरगं म्हणजे फुटबॉलचं वेड आलंच, शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरी जेवायला पण येत नाही, त्यात हा मेस्सीचा भक्त. "मला नेत नाही तर निदान जर्सी तरी तिथलीच आणा," एवढ्या अटीवर त्यानं सहामाही परीक्षा आणि आजीकडं राहणं कबूल केलं.

अडचण आली सासूबाईंकडून. २४ सप्टेंबरला बार्सिलोनाच्या देवीचा, ला मर्सेचा दिवस असतो, त्याच्या आगेमागे चार-पाच दिवस अख्खं शहर रस्त्यावर असतं, आणि जायचं तर तेव्हाच असं मी ठरवलेलं. नेमका तेव्हा पितृपंधरवडा. "पंधरवड्यात नवीन काय करत्यात व्हय?" मग तोडगा असा निघाला की सासऱ्यांची तिथी द्वादशीला, त्याच्या आत घरी परत यायचं. आणि देवीलाच चाललोय म्हटल्यावर त्या जरा नरमल्या. कुठली देवी ते मी लगेच सांगितलं नाही.

व्हिसासाठी आम्ही बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो, बँक स्टेटमेंट, हॉटेल बुकिंग, आणि शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, कमीत कमी ३०,००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच. हे सगळं दोन-अडीच महिने आधी सुरू करा एवढंच सांगते, बाकीचं लिहीत बसले तर अर्धा लेख त्यातच जाईल.

शुक्रवार

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचून अहोंचे पाय अजून दुखत होते आणि आम्ही आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो. बॅगेत कांदा-लसूण चटणी, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू. सासूबाईंनी पेढे दिले होते ते मुंबईत नणंदेकडं ठेवले, कारण युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत. चटणीला कुणाची हरकत नाही. खिसेकापूंबद्दल एवढं वाचलं होतं की अहोंनी महाद्वारातल्या टेलरकडून दोन पँटींना आतून चोरकप्पा शिवून घेतला होता. पैसे काढायचे म्हणजे मग भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, ते बघून लोक काय समजत असतील देव जाणे. पण एक पाकीट गेलं नाही हे खरं.

मुंबईहून दोहा, दोह्याहून बार्सिलोना. मला खिडकी मिळाली, अहोंना झोप मिळाली.

शनिवार

तिथलं घड्याळ या दिवसांत आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. विमानतळावरून बस थेट प्लासा कातालुन्या या मुख्य चौकात सोडते. हॉटेल एशाम्प्ले भागात घेतलं होतं, मर्सेच्या दिवसांत दर चढलेले असतात आणि वर शहराचा टुरिस्ट टॅक्स माणशी दर रात्री वेगळा द्यावा लागतो, तो बुकिंगमध्ये धरलेला असेलच असं नाही.

या एशाम्प्लेबद्दल थोडं. १८५९ साली इल्देफोन्स सेर्दा नावाच्या इंजिनिअरनं हा भाग कागदावर आखला. सगळे चौक सारखे, प्रत्येक ब्लॉक सुमारे ११३ मीटरचा, आणि ब्लॉकचे चारही कोपरे तिरके कापलेले. त्यामुळं प्रत्येक चौक आपोआप मोठा आणि मोकळा होतो, वळणाऱ्याला समोरचं दिसतं. ब्लॉकच्या मधोमध बागा ठेवायचा त्याचा बेत होता, पण जागेला भाव आला आणि बहुतेक ठिकाणी आतही बांधकामं झाली. अहो म्हणाले, "म्हणजे इथंपण बिल्डर आहेतच." पण तरी, ते कापलेले कोपरे तरी वाचले की. आपल्याकडं कोल्हापुरात बिनखांबी गणपतीच्या देवळाजवळ रिक्षा वळवताना जी कसरत होते ती आठवून मी दोन मिनिटं त्या कोपऱ्यावर नुसती उभी राहिले.

संध्याकाळी रांब्लावर. हा रस्ता साधारण सव्वा किलोमीटर, मधून चालायला रुंद जागा, दोन्ही बाजूला झाडं, आणि गाड्या बिचाऱ्या कडेकडेनं. वरच्या टोकाला कानालेतेस नावाचं पिण्याच्या पाण्याचं जुनं लोखंडी कारंजं आहे, इथलं पाणी प्यायलं की माणूस बार्सिलोनाला परत येतो म्हणतात. बार्सा, म्हणजे इथला फुटबॉल क्लब, जिंकली की पोरं इथंच जमतात. अहोंनी पाणी पिण्याच्या आधी कारंज्याचं कास्टिंग बघितलं, जोड कुठं आहे ते शोधलं, मग प्यायले. बार्साचं कॅम्प नोऊ स्टेडियम दुरुस्तीला काढलेलं, त्यामुळं आम्ही तिकडं न जाता रांब्लावरच जर्सी घेतली. किंमत लिहीत नाही, हे पण वाचणार आहेत.

जेवणाचं एक लक्षात ठेवा. रात्री साडेआठच्या आधी बऱ्याच ठिकाणी किचनच उघडत नाही. नऊ-दहाला बायकापोरांसकट लोक जेवायला बसतात आणि बारापर्यंत उठत नाहीत. आम्ही पहिल्या दिवशी सातला भुकेले, पाव आणि टोमॅटो खाल्ला. हे तिथलं साधं घरचं खाणं, भाजलेल्या पावावर लसणाची पाकळी घासायची, मग अर्धा कापलेला पिकलेला टोमॅटो नुसती साल हातात राहीपर्यंत घासायचा, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ. एवढंच. मी शाकाहारी, त्यात पंधरवडा, माझं त्याच्यावर निम्मं पोट चाललं. अहोंनी वर आपली चटणी भुरभुरवली आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना पण दिली. आजोबा लाल झाले पण प्लेट त्यांनी संपवली.

रविवार

सकाळी जुन्या गॉथिक भागात, मेट्रोनं. मेट्रोचं दहा फेऱ्यांचं कार्ड मिळतं पण एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाचं वेगळं घ्यायचं. कथीड्रलच्या आतल्या अंगणात १३ पांढरी बदकं, म्हणजे हंसासारखी मोठी गीझ पाळलेली आहेत. सांता एउलालिया नावाची मुलगी धर्मासाठी छळ सोसून गेली तेव्हा तेरा वर्षांची होती म्हणून तेरा. देवळात बदकं सुखानं कलकलाट करतायत आणि कुणी हाकलत नाही हे मला फार आवडलं.

दुपारी साग्रादा फामिलिया. याचं तिकीट ऑनलाइन, वेळेसकट, आधीच काढून ठेवा, दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. हे चर्च १८८२ साली बांधायला घेतलं, पुढच्याच वर्षी आंतोनी गाउदी या आर्किटेक्टकडं काम आलं आणि १९२६ ला तो गेला तरी पूर्ण नाही, आम्ही गेलो तेव्हाही क्रेन चालू. ट्रामनं उडवलं त्याला. कपडे इतके साधे की लोकांना वाटलं कुणी भिकारी आहे, गरिबांच्या दवाखान्यात नेला आणि तीन दिवसांनी वारला. त्याच चर्चच्या तळघरात त्याची समाधी आहे.

आत गेल्यावर आधी मान वर गेली ती खाली येईना. खांब वर जाऊन फांद्या फुटाव्यात तसे फुटतात आणि छत त्या फांद्यांवर पेललेलं. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या लाल-केशरी. आम्ही पाचच्या सुमारास गेलेलो त्यामुळं पश्चिमेचं ऊन आत येत होतं आणि माणसांच्या शर्टावर, चेहऱ्यावर, एका झोपलेल्या बाळाच्या टोपीवर सगळीकडं केशरी पडलेलं. सकाळी गेलात तर निळं मिळेल. मी परत जाणार तर संध्याकाळीच जाणार.

पण खरी गंमत खालच्या म्युझियममध्ये. तिथं गाउदीच्या पद्धतीचं एक मॉडेल टांगलंय, दोऱ्यांचं जाळं आणि त्याला लोंबणाऱ्या छोट्या छोट्या वजनाच्या पिशव्या. दोरी स्वतःच्या वजनानं जो झोल घेते तोच आकार उलटा केला की भार पेलणारी कमान मिळते, म्हणजे आकडेमोड कागदावर न करता दोरीकडूनच करून घ्यायची. खाली आरसा ठेवलाय, त्यात बघितलं की तेच लोंबतं जाळं उभं चर्च दिसतं. अहो तिथून हलेनात. दोन ग्रुप येऊन गेले, गाइडचं बोलून झालं, हे आपले आरशात वाकून. "अगं, हा माणूस पॅटर्नमेकर होता," म्हणाले, म्हणजे कास्टिंगच्या साच्यासाठी आधी नमुना करणारा कारागीर. मग मी त्यांना सांगितलं की गाउदीचे वडील आणि आजोबा तांब्याची भांडी, बॉयलर करणारे कारागीर होते. त्यावर यांचा चेहरा असा झाला की जसा काय गाउदी आमच्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या कारखान्यांतलाच. बाहेर पश्चिमेच्या बाजूला ब्रॉन्झचे दरवाजे आहेत, सुबिराक्स नावाच्या शिल्पकाराचे, त्यावर बायबलच्या मजकुराची हजारो उठावाची अक्षरं. त्यातल्या एका ओळीवरून बोट फिरवत हे म्हणाले की एवढ्या बारीक अक्षरात वाळू धरणं म्हणजे खायचं काम नव्हे. आसपासचे लोक देवाकडं बघत होते, आम्ही फिनिशिंगकडं.

सगळ्यात उंच मनोरा १७२.५ मीटरचा ठरवलेला आहे, शहरातल्या मोंजुइक टेकडीपेक्षा थोडा कमी, कारण माणसाचं काम देवाच्या कामाच्या वर जाऊ नये असं गाउदीचं मत. आणि खर्च सगळा देणग्या आणि तिकिटांवर. म्हणजे आमच्या दोन तिकिटांची एखादी वीट तिथं असणार.

रात्री कोरेफोक. सैतानाच्या वेशातली माणसं हातात काठ्या, काठ्यांच्या टोकाला फिरणारी फटाक्यांची चक्रं, मागं ढोल, आणि तोंडातून ठिणग्या ओकणारे मोठे ड्रॅगन. लोक लांबून बघत नाहीत, त्या ठिणग्यांच्या खाली जाऊन नाचतात. जुने सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला टोपी किंवा रुमाल, सिंथेटिक काही नको, असं सांगितलेलं असतं. मी माझी ओढणी डोक्याला गुंडाळली आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. अहो म्हणाले, "विसर्जनात पाय गेले, आता काय राहिलंय," आणि शिरले आत. शर्टाला भोकं पडली, तो शर्ट आता फौंड्रीत घालतात.

सोमवार

सोमवारचा माझा उपवास. बोकेरिया मार्केट रविवारी बंद असतं ते आज उघडं, तिथं फळं घेतली आणि ओर्शाता प्यायले. हे एका जमिनीतल्या बारीक कंदापासून काढलेलं गोड दुधासारखं थंड पेय. कंद आहे म्हणजे उपवासाला चालणार, निर्णय माझा मीच घेतला. मार्केट देखणं आहे पण पुढच्या भागातल्या गाळ्यांवर टुरिस्टांसाठी कापून ठेवलेली फळं महाग, आत गेलं की भाव उतरतात, हे तर आपल्या मंडईत पण असतंच.

गाउदीच्याच पार्क ग्वेलला जायला मेट्रोच्या व्हायकार्का स्टेशनवरून चढ आहे, त्या चढावर चक्क रस्त्यात सरकते जिने बसवलेत. आपल्या जोतिबाला हवेत असं मी म्हटलं तर अहो म्हणाले मग पुण्य कसलं. हे पार्क मुळात श्रीमंतांची कॉलनी व्हायची होती, साठ प्लॉट पाडले, घरं झाली दोन. स्कीम आपटली म्हणून आज आपल्याला बाग बघायला मिळते. फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचं नागमोडी बाकडं खरंच बसायला आरामाचं आहे, पाठीला बरोबर जिथं पाहिजे तिथं टेकू मिळतो. संध्याकाळी पासेइग दे ग्रासिया या रस्त्यावरच्या गाउदीच्या दोन इमारती, कासा बात्यो आणि कासा मिला, बाहेरूनच बघितल्या, दोन्हीच्या आत जायचे पैसे काढले तर बजेट बसेना. कासा मिलाच्या बाल्कन्यांचं लोखंड समुद्रातलं शेवाळ गोळा करून वाळत घातल्यासारखं दिसतं, ते फुकटात दिसतं.

मंगळवार

हाच तो दिवस. २४ सप्टेंबर, आणि वार पण देवीचा. सकाळी आधी मर्सेच्या बॅसिलिकात गेलो. देवी बसलेली आहे, मांडीवर बाळ. सन १६८७ मध्ये टोळधाड आली तेव्हा गावानं तिला साकडं घातलं आणि १८६८ मध्ये पोपनं तिला अधिकृतपणे शहराची पालक ठरवलं, अशी कथा. बाहेर येऊन घरी व्हिडिओ कॉल लावला, काढलेला फोटो दाखवला. सासूबाईंनी आधी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, मग विचारलं, "ओटी भरत्यात का तिथं?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आपली अंबाबाईच बरी."

तिथून प्लासा सांत जाउमे, महापालिकेसमोरचा चौक. कास्तेल्स म्हणजे माणसांचे मनोरे बघायला. आपली दहीहंडी, तुम्ही म्हणाल. मी पण तेच म्हणत गेले होते.

प्रत्येक मंडळाचा, तिथं त्याला कोया म्हणतात, शर्टाचा रंग ठरलेला. बार्सिलोनाचे लाल, ग्रासिया भागातले निळे, सान्त्सचे करडे. खाली पांढऱ्या पँटी. कमरेला काळा लांबलचक पट्टा, तो बांधताना एकानं एक टोक ताणून धरायचं आणि ज्याला बांधायचाय त्यानं गरागरा फिरत स्वतःला गुंडाळून घ्यायचं, फेटा बांधताना आपण कापड ताणून धरतो तसं. तो पट्टा पाठीला आधार देतो आणि वरच्याला पाय ठेवायला, पकडायला पण होतो. माझ्या समोर एक पन्नाशीची बाई आणि तिची मुलगी असं बांधत होत्या, आई फिरत येत होती आणि मुलगी गुडघा रोवून मागं रेलून ताण देत होती, शेवटचा वेढा बसल्यावर मुलीनं पट्ट्यात बोट घालून बघितलं, सैल वाटलं, सगळा सोडून परत पहिल्यापासून. बायका यात साधारण १९८० पासून आल्या आणि तेव्हापासून मनोरे आणखी उंच जायला लागले.

खालचा जो गोल असतो तो शेकडो माणसांचा. मनोरा पडला तर अंगावर झेलायला पण तेच. मध्ये उभ्या असलेल्यांना वरचं काही दिसत नाही, मग ग्राया नावाची सनईच्या जातीची वाद्यं आणि ढोल वाजतात, ते नुसतं वातावरणासाठी नाही, मनोरा कुठवर आला ते सुरावरून खालच्यांना कळतं. सगळ्यात वर जातं ते लहान पोर, डोक्याला हेल्मेट, सरसर चढतं, टोकावर क्षणभर हात वर करतं आणि दुसऱ्या बाजूनं खाली. मी इथं टाळ्या वाजवायला लागले. शेजारची बाई माझ्याकडं बघून बोटानं "थांब" म्हणाली.

कारण मनोरा अजून संपलेला नव्हता. वर पोचणं हे अर्धं काम. एकेक थर शिस्तीत उतरून शेवटचा माणूस जमिनीवर आला तरच तो पूर्ण झाला असं धरतात, वरून कोसळला तर वेगळी नोंद, कमी मानाची. पोरगं खाली यायला लागलं की खालच्या थरांचे पाय थरथरायला लागतात, मला समोर दिसत होते ते, पोटऱ्या नुसत्या उडत होत्या, आणि सगळा चौक चिडीचूप. पाय जमिनीला लागले तेव्हा जो आवाज झाला तो आपल्या मिरवणुकीतल्या साउंड सिस्टिमला नाही जमायचा, आणि सिस्टिम तिथं नव्हतीच.

आणि अहो कुठायत बघते तर हे नाहीत. हे गोलात. बाहेरच्या फळीला माणसं कमी पडत होती, कुणीतरी यांचे खांदे बघून खुणेनं बोलावलं, दोन्ही हात पुढच्याच्या पाठीला लावायला दाखवलं, मान खाली घालायला लावली. तरुणपणी तालमीच्या हंडीत दुसऱ्या थरावर असायचे, त्यामुळं सांगायची गरजच नव्हती. यांच्या मागून एका शाळकरी पोरीनं यांच्या पाठीला हात लावले. मी फोटो काढले पण त्यात अहो ओळखू येत नाहीत, नुसत्या पाठी आणि हात. बाहेर आले ते घामानं निथळत. म्हणाले, "आपल्या तालमीसारखंच हाय सगळं. फक्त फ्लेक्सवर कुणाचं तोंड नाही."

हे खरं आहे. एकाही नेत्याचा फोटो बघितला नाही मी त्या चौकात. २०१० साली युनेस्कोनं या मनोऱ्यांना वारशाच्या यादीत घेतलं, पण माझ्या लेखी मोठी गोष्ट म्हणजे उतरणं मोजतात ती. आपल्याकडं हंडी फुटली की थर कसाही कोसळू दे, गाणं सुरू. दर वर्षी हातपाय मोडलेल्यांच्या बातम्या येतात त्या याच्यातनंपण.

बुधवार

शेवटचा दिवस, समुद्रावर, बार्सिलोनेता. आज जिथं वाळू आहे त्यातला बराच किनारा १९९२ च्या ऑलिम्पिकच्या निमित्तानं साफ केला, त्याआधी तिकडं कारखाने आणि रेल्वेचे रूळ. याच भागात बोंबा मिळतो, बटाट्याचा मोठा गोळा, आत खिमा, तळलेला, वर तिखट सॉस. अहोंना म्हटलं, पंधरवडा आहे. ते म्हणाले, "माझ्या वडिलांना बटाटेवडा आवडायचा," आणि दोन खाल्ले. तिखट म्हणतात ते आपल्या लेखी नाहीच, चटणीची डबी परत निघाली आणि तिथंच संपली.

रात्रीचं विमान, मग मुंबई, मग परत महालक्ष्मी. द्वादशीला तिथी व्यवस्थित झाली, खीर-वड्याचं जेवण, सासूबाई खूश. जर्सी दुसऱ्या दिवशीपासून अंगावरून उतरलेली नाही.

रविवारी संध्याकाळी अहो तालमीत गेले व्हिडिओ घेऊन. पोरांनी पूर्ण बघितला, थांबवून थांबवून बघितला, पट्टा कसा बांधतात ते दोघांनी तिथंच उपरणं घेऊन करून पण बघितलं. मग एकानं विचारलं, "काका, बक्षीस किती लाखाचं असतंय?" हे म्हणाले, मर्सेला असं काही लावलेलं मला तर दिसलं नाही. पोरांचा अजून विश्वास बसलेला नाही.